पेनवाला जुना टॅब घ्यावा की नाही

ऑक्टोबर २०२२ मध्ये ॲपलने दहाव्या पिढीचा आयपॅड आणला. त्याला चार्जिंगसाठी यूएसबी-सीचे तोंड होते. पण त्यावर चालणारी पेन्सिल २०१५ सालची, पहिल्या पिढीची, आणि तिचे टोक लाइटनिंगचे. टॅब आणि पेन्सिल एकाच कंपनीची, तरी एकमेकांत बसेनात. मग मधे लावायला एक चिमुकला ॲडॅप्टर घ्यावा लागला. वर्षभराने यूएसबी-सीची पेन्सिल आली, भारतात ७,९०० रुपयांना. ती बसते खरी, पण हाताचा दाब ओळखत नाही. आज हा आयपॅड सेकंडहँड बाजारात दिसतो तेव्हा जाहिरातीत ‘कंडिशन ए-वन, पेन्सिल सपोर्ट’ एवढेच असते. कुठली पेन्सिल, हे घेणाऱ्यानेच विचारायचे.

पेनवाल्या जुन्या टॅबची गोम इथेच आहे. टॅब, पेन, बॅटरी आणि आतले सॉफ्टवेअर या चौघांची वये वेगवेगळी असतात आणि चौघे एकदम म्हातारे होत नाहीत. म्हणूनच ‘किती सालचा आहे?’ या प्रश्नावर सौदा ठरवणारे फसतात. २०१८ चा आयपॅड प्रो आणि २०१९ चा सातव्या पिढीचा साधा आयपॅड शेजारी ठेवले तर कुणीही नंतरचा उचलेल. पण २०२५ मध्ये आयपॅडओएस २६ आली तेव्हा २०१९ चा आयपॅड यादीतून गळला आणि २०१८ चा प्रो टिकला. साध्या आयपॅडमधली चिप मुळात २०१६ ची होती, हे त्याचे कारण.

म्हणून सुरुवात सालापासून करू नये, कामापासून करावी. आणि कामही नेमके सांगावे. ‘ऑफिसच्या कामाला हवाय’ हे उत्तर नव्हे. पुस्तकाची प्रुफे पीडीएफवर वाचून खुणा करायच्या आहेत, दिवाळी अंकाची चित्रे काढायची आहेत, ऑनलाइन शिकवणीत गणिते सोडवून दाखवायची आहेत, ही उत्तरे झाली.

प्रुफांचेच बघू. या कामात पेनच्या दाबाला फारसे महत्त्व नाही. बारीक निब, टेकलेला तळहात न ओळखण्याची सोय म्हणजे पाम रिजेक्शन, आणि सगळ्यांत आधी स्क्रीनचा आकार महत्त्वाचा. जाहिरातीतले इंच कर्णाचे असतात आणि तिथे गफलत होते. ए-फोर कागद २१ सेंटिमीटर रुंद. सॅमसंगच्या गॅलॅक्सी टॅब एस६ लाइटचा स्क्रीन १०.४ इंची म्हणवतो, पण तो उंच आणि अरुंद आहे. उभा धरला तर रुंदी साधारण साडेतेरा सेंटिमीटर भरते. म्हणजे पूर्ण पान स्क्रीनवर बसवले की ते ६५ टक्क्यांवर येते आणि १२ पॉइंटांचा मजकूर आठ पॉइंटांहून लहान दिसू लागतो. त्या आकारात अनुस्वार सुटलाय की छपाईचा ठिपका आहे, हे ओळखायला डोळे फोडावे लागतात. मायक्रोसॉफ्टच्या सर्फेस प्रोच्या १२.३ इंची स्क्रीनवर तेच पान ८२ टक्के दिसते, १२.९ इंची आयपॅड प्रोवर ८८ टक्के. रोज पानेच्या पाने वाचणाऱ्याने जुना पण मोठा टॅब घ्यावा. नवा पण लहान घेऊ नये. सभेत चार ओळी टिपून घेणाऱ्याला मात्र हाच एस६ लाइट हाताला हलका आणि पुरेसा वाटेल.

चित्रकाराचे गणित वेगळे. ए-फोर मुखपृष्ठ छपाईसाठी ३०० डीपीआयला काढायचे तर कॅनव्हास २४८० बाय ३५०८ पिक्सेलचा होतो. प्रोक्रिएट या चित्रकलेच्या ॲपमध्ये अशा कॅनव्हासवर किती लेयर मिळणार, हे टॅबच्या रॅमवर ठरते. २०१८ च्या साध्या आयपॅडला रॅम २ जीबी, त्याच वर्षीच्या आयपॅड प्रोला ४ जीबी आणि एक टीबी साठवणीच्या मॉडेलला ६. रेखाटनापुरते काम असेल तर दोनही चालते. रंगांचे थरावर थर चढवणाऱ्याला ते लवकरच तोकडे पडते. शिवाय साध्या आयपॅडची काच आणि स्क्रीन एकमेकांना चिकटवलेली नसतात. मधे किंचित पोकळी राहते, निब टेकली की टकटक आवाज येतो आणि रेघ निबेच्या जरा खाली उमटल्यासारखी दिसते. सवय होते, पण बारीक शाईकाम करणाऱ्याला ती होईलच असे नाही.

अर्थात हत्यार साधे म्हणून काम अडत नाही, हेही खरे. चित्रकार डेव्हिड हॉक्नी यांनी २०११ मध्ये यॉर्कशरचा वसंत आयपॅडवर चितारला, तेव्हाच्या आयपॅडला दाब ओळखणारी पेन्सिलच नव्हती. ती चित्रे मोठ्या आकारात छापून २०१२ मध्ये लंडनच्या रॉयल अकादमीत लागली. मात्र कमिशनवर, डेडलाइन गाठत चित्रे काढणाऱ्यांनी एवढ्यावर विसंबू नये.

तिसरा वर्ग सॉफ्टवेअरने बांधलेल्यांचा. टॅलीवर हिशेब ठेवणारा करसल्लागार, श्रीलिपीत टाइप झालेल्या जुन्या पेजमेकरच्या फाइली उघडाव्या लागणारा डीटीपीवाला, यांना आयपॅड कितीही स्वस्त मिळाला तरी कामाचा नाही. त्यांना विंडोजच हवे. अशांसाठी सर्फेस प्रो हा स्वाभाविक पर्याय आणि सगळ्यांत जास्त सांभाळून घेण्यासारखाही तोच.

कारण विंडोज १०. मायक्रोसॉफ्टने तिचा नेहमीचा पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला. विंडोज ११ ला इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा त्यापुढचा प्रोसेसर लागतो. २०१७ चा सर्फेस प्रो सातव्या पिढीचा आहे, म्हणजे बाहेर. २०१८ चा सर्फेस प्रो ६ आठव्या पिढीचा, म्हणजे आत. आता गंमत अशी, की दोन्ही दिसायला जवळजवळ जुळे आहेत आणि दोघांच्या पाठीवर मॉडेल क्रमांकही एकच असतो, १७९६. विकणारा खोटे बोलत असेल असे नाही, त्यालाही कदाचित माहीत नसते. सेटिंगमध्ये ‘अबाउट’ उघडून प्रोसेसरचे नाव वाचावे. आय५ नंतरचा आकडा ७३०० असेल तर जुना, ८२५० किंवा ८३५० असेल तर प्रो ६. काळ्या रंगाचा असेल तर तो २०१७ चा नाही. काळा रंग प्रो ६ पासूनच आला. लहान आकार चालणाऱ्यांसाठी सर्फेस गोचेही तसेच: पहिला गो बाहेर, २०२० चा गो २ आत.

‘यावर विंडोज ११ टाकून दिलंय’ असे ऐकू आले तरी हुरळून जाऊ नये. नियम चुकवून ती जुन्या यंत्रावर बसवता येते. पण अशा यंत्राला पुढची अपडेट मिळतीलच याची हमी मायक्रोसॉफ्ट देत नाही. ‘पीसी हेल्थ चेक’ हे त्यांचेच मोफत ॲप दोन मिनिटांत खरे काय ते सांगते. अशिलांची कागदपत्रे ठेवणारा वकील किंवा रुग्णांच्या नोंदी ठेवणारा डॉक्टर असेल, तर सुरक्षेचे अपडेट न मिळणारे यंत्र त्याने फुकटातही घेऊ नये. अँड्रॉइड टॅबवर हीच गोष्ट ‘सिक्युरिटी पॅच’च्या तारखेवरून कळते, ती तारीख दीड-दोन वर्षांपूर्वी थांबलेली असेल तर निर्मात्याने हात वर केले असे समजावे.

एक बारकावा तोंडांचा. सर्फेस प्रो ६ ला जुन्या चौकोनी आकाराचे यूएसबी तोंड एक आहे, यूएसबी-सी नाही. प्रो ७ ला दोन्ही आहेत. प्रो ८ ला फक्त यूएसबी-सी. ज्यांचे सॉफ्टवेअर यूएसबीत खोचायच्या डोंगलवर चालते, त्यांना प्रो ७ सर्वांत सोयीचा.

आता पेन. बाजारात मुख्यतः तीन जातींची पेने भेटतात आणि एका जातीचे पेन दुसऱ्या जातीच्या टॅबवर चालत नाही. पहिली जात जपानच्या वॅकॉम कंपनीची. स्क्रीनखालच्या तारांच्या जाळीतून चुंबकीय क्षेत्र निघते, पेनमधले वेटोळे त्यावर जागे होते आणि जाळीला उलट संदेश देते. पेनमध्ये बॅटरी नाही, म्हणून बिघडण्यासारखेही फारसे काही नाही. सॅमसंगचा एस पेन याच जातीचा. एस६ लाइट भारतात २०२० मध्ये २७,९९९ रुपयांपासून आला, तेव्हा पेन खोक्यातच होते. ते हरवले तरी त्याच तंत्राची दुसऱ्या कंपन्यांची पेने चालतात. स्टेडलरचे नोरिस डिजिटल तर थेट शाळेतल्या पेन्सिलीसारखे दिसते. जुना टॅब घेणाऱ्याच्या दृष्टीने ही जात सर्वांत निर्धोक.

दुसरी जात सर्फेसची. २०१३ च्या पहिल्या सर्फेस प्रोमध्ये वॅकॉमचेच तंत्र होते. २०१४ च्या प्रो ३ पासून मायक्रोसॉफ्टने एन-ट्रिग या कंपनीचे तंत्र घेतले. यातल्या पेनला स्वतःची बॅटरी लागते. बऱ्याच जुन्या सर्फेस पेनांना ‘एएएए’ आकाराचा सेल लागतो. रिमोटमधल्या सेलहून हा बारीक असतो आणि तो कोपऱ्यावरच्या दुकानात मिळेलच असे नाही. या पेनांचे नेहमीचे गाऱ्हाणे म्हणजे तिरकी रेघ हळू ओढली की ती नागमोडी होते.

तिसरी जात ॲपलची आणि तिच्यात पोटजाती फार. पहिल्या पिढीची पेन्सिल २०१५ ते २०१७ च्या प्रोला, २०१८ पासूनच्या साध्या आयपॅडांना आणि २०१९ च्या एअरला व मिनीला. दुसऱ्या पिढीची, चुंबकाने कडेला चिकटणारी, २०१८ ते २०२२ च्या प्रोला, २०२० व २०२२ च्या एअरला आणि २०२१ च्या मिनीला. २०२४ च्या एम४ प्रोला आणि एम२ एअरला पेन्सिल प्रो. दुसऱ्या पिढीची तिथे चालत नाही. पेन्सिलीच्या आतही बॅटरी असते, ती कित्येक महिने रिकामी पडून राहिली तर कायमची मरू शकते. ‘पेन्सिल आहे, पण कधी वापरलीच नाही’ हे वाक्य म्हणून गुणाचे धरू नये. समोर जोडून, चार्जिंगचा टक्का बघून, लिहूनच घ्यावी. बाजारातल्या स्वस्त नकली पेन्सिली टिपणांना चालून जातात. दाब त्यांना कळत नाही, तेव्हा चित्रकाराने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

टॅब हातात आल्यावर तपासणी कशी करावी? घरून निघताना खिशात प्लॅस्टिकची फूटपट्टी टाकावी. मुंबईत लॅमिंग्टन रोडवर घ्या नाहीतर कुणाच्या घरी जाऊन, अर्धा तास हातात असल्याशिवाय पैसे काढू नयेत. कोणतेही चित्रकलेचे ॲप उघडून पट्टी स्क्रीनवर तिरकी ठेवावी आणि पेन अगदी सावकाश ओढावे. झरझर ओढलेली रेघ सगळ्याच टॅबवर सरळ येते, दोष सावकाशीत दिसतो. मग चारही कोपऱ्यांत ठिपके द्यावेत. जुन्या वॅकॉम जातीच्या स्क्रीनांवर कडेला गेले की ठिपका निबेपासून सरकतो. थोडा सरकला तर कॅलिब्रेशनने सुधारतो.

आणि मग मराठी लिहावे. इंग्रजी सही करून ‘मस्त चालतंय’ म्हणणे वेगळे. ‘संध्यावंदन’, ‘कुंकुमार्चन’ असे अनुस्वार आणि उकार असलेले शब्द आपल्या नेहमीच्या वेगाने लिहावेत. अनुस्वार हा हलका, झटकन दिलेला ठिपका. कमी संवेदनशील पेन नेमका तोच गिळते. शिरोरेषा एका दमात ओढून बघावी: ती मधेच तुटते का, सुरुवातीचे दोन-तीन मिलिमीटर गायब होतात का, तळहात टेकल्यावर पान सरकते का. हाताने लिहिलेले मराठी टाइपमध्ये उतरवायचे असेल, तर अँड्रॉइडवर जीबोर्डचा हस्ताक्षराचा कळफलक लावून तेही तिथेच करून पाहावे.

या सगळ्यात वेळ जातो, आणि तो जायलाच हवा, कारण काही दोष यंत्र तापल्यावरच दिसतात. सर्फेस प्रो ४ चा स्क्रीन गरम झाल्यावर थरथरू लागण्याचा दोष इतका पसरला होता, की मायक्रोसॉफ्टने खरेदीपासून तीन वर्षांपर्यंत यंत्रे बदलून दिली. ती मुदत कधीच संपली. तसाही तो प्रोसेसरमुळे बादच आहे. तरी कुणी अगदी कवडीमोलाने देऊ लागले तर मोह आवरावा.

बॅटरीबाबत विकणाऱ्याच्या शब्दापेक्षा यंत्राचा शब्द प्रमाण मानावा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्ट उघडून इंग्रजीत ‘पॉवर’, त्याला जोडून सी-एफ-जी ही अक्षरे, मग मोकळी जागा, तिरकी रेघ आणि ‘बॅटरीरिपोर्ट’ असा जोडशब्द टाइप केला की एक अहवाल तयार होतो. त्यात मूळ क्षमता आणि आजची क्षमता शेजारी छापलेल्या असतात. सर्फेस प्रो ६ ची मूळ क्षमता सुमारे ४५,००० मिलिवॉट-तास. आजचा आकडा ३१,००० दिसला तर जवळजवळ एक तृतीयांश जीव गेला. आयपॅडच्या सेटिंगमध्ये बॅटरीचे आरोग्य २०२४ च्या मॉडेलांपासूनच दिसते. जुन्यांसाठी मॅकवर कोकोनटबॅटरी किंवा विंडोजवर थ्रीयूटूल्स लावून बघावे लागते. हजार पूर्ण चार्जिंगनंतर ८० टक्के क्षमता उरावी, असे आयपॅडच्या बॅटरीचे ॲपलचे माप आहे.

उतरलेल्या बॅटरीचा टॅब टेबलावर, चार्जर लावून वापरणाऱ्याला चालेल. फुगलेल्या बॅटरीचा कुणालाच चालणार नाही. टॅब सपाट काचेवर पालथा ठेवून डोलतो का पाहावे, कडेने नजर टाकून काच कुठे उचलली आहे का पाहावे. स्क्रीनवर पिवळट किंवा पांढरा डाग दिसला तर मागून बॅटरी दाबत असण्याची शंका घ्यावी. प्रो ७ पर्यंतचे सर्फेस उघडणे म्हणजे चिकटवलेली काच सोडवणे. ती तडकण्याचा धोका धरूनच दुरुस्तीवाले हात लावतात. २०१८ च्या आयपॅड प्रोमध्ये काही नग किंचित वाकलेले निघाले होते, तेही याच काचेच्या कसोटीत उघड होते.

कुलपांचा मामला थोडक्यात, पण टाळू नये असा. आयपॅड आधीच्या मालकाच्या ॲपल खात्यातून सुटलेला नसेल तर तो घेणाऱ्यासाठी काचेचा ठोकळा आहे. अँड्रॉइडचेही गूगल खात्याशी तसेच. टॅब समोर रिसेट करायला लावावा आणि सुरुवातीचे सगळे टप्पे पार होऊन होमस्क्रीन येईपर्यंत बघावे. शाळेने किंवा कंपनीने वाटलेले टॅब आणखी फसवे, कारण रिसेट केल्यावरही वायफाय जोडताच ‘हे उपकरण अमुक संस्थेच्या नियंत्रणात आहे’ असा फलक येतो. म्हणून रिसेटनंतर आपल्या फोनच्या हॉटस्पॉटवर जोडूनच खात्री करावी. सिमकार्ड पडणारा टॅब असेल तर त्याला आयएमईआय क्रमांक असतो. केवायएम लिहून, जागा सोडून तो क्रमांक टाकून १४४२२ वर एसएमएस केला, किंवा संचार साथी पोर्टलवर टाकला, की तो काळ्या यादीत आहे का ते कळते.

पैशांचा हिशेब टॅबच्या किमतीवर थांबवू नये. समजा दहाव्या पिढीचा आयपॅड अठरा हजारांना मिळतोय, पेन्सिल नाही. ७,९०० ची पेन्सिल धरली की आकडा सव्वीस हजारांच्या घरात जातो, वर कव्हर. तेवढ्यात पेनसकट नवा, वॉरंटीचा अँड्रॉइड टॅब येत असेल आणि काम टिपणांचे असेल, तर जुना आयपॅड घेण्यात हौसेपलीकडे काही नाही. उलट २०१८ चा आयपॅड प्रो दुसऱ्या पिढीच्या चालू पेन्सिलसकट मिळत असेल, तर चित्रे काढणाऱ्याला तसाच अनुभव नव्यात घ्यायला कितीतरी जास्त मोजावे लागतात. सर्फेसच्या बाबतीत कीबोर्डचे कव्हर वेगळे विकले जाते, त्याचीही किंमत आधी विचारावी.

एका पर्यायाकडे मात्र लोक उगाच नाक मुरडतात: स्क्रीन नसलेला वॅकॉमचा जुना पेन-टॅब्लेट. तो संगणकाला वायरने जोडायचा, हात खाली आणि नजर समोरच्या पडद्यावर. पहिले काही दिवस अवघड जाते. नंतर मान वाकवावी लागत नाही याचा आनंद होतो. वायरवर चालणाऱ्या मॉडेलात ना बॅटरी, ना ऑपरेटिंग सिस्टिम, ना फुटणारी काच. ऑनलाइन शिकवणाऱ्याला आणि फोटो सुधारणाऱ्याला, घरी बरा संगणक असेल तर, पहिल्यांदा हेच सुचवावे. धोका एकच, ड्रायव्हरचा. दहा-पंधरा वर्षांपूर्वीच्या बांबू मालिकेसारखे टॅब्लेट वॅकॉमच्या आजच्या ड्रायव्हरमधून वगळले गेले आहेत, तेव्हा मॉडेल क्रमांक कंपनीच्या यादीत शोधूनच घ्यावा. लिनक्स वापरणाऱ्यांची इथे चंगळ आहे, तिथे जुनी वॅकॉम यंत्रे बिनबोभाट चालतात. वॅकॉमच्याच स्क्रीनवाल्या सिंटिक १३एचडीची गोष्ट वेगळी: त्याची चित्र, डेटा आणि वीज एकत्र नेणारी तीन तोंडांची खास केबल खराब झाली तर तीच शोधत फिरावे लागते.

सौदा ठरला तर पक्के बिल घ्यावे, त्यावर सिरियल नंबर लिहून घ्यावा आणि परत करण्याची मुदत तोंडी न ठेवता बिलावरच मांडून घ्यावी. ओळखीच्याकडून घेत असाल तर निदान मूळ खरेदीच्या बिलाची प्रत मागावी. घरी आल्यावर पेनची निब बघावी. एका अंगाने घासून तिरकी झाली असेल तर लगेच बदलावी, कारण झिजलेली निब काचेवर ओरखडे पाडते. आणि परतीच्या मुदतीतच खऱ्या कामाची एक फाइल, निदान तीस-चाळीस पानांची, त्या टॅबवर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत पुरी करावी.